नवा गडी, पण राज्य कोणाचे?

पोयनाडच्या बाजारात, पेणच्या एस. टी. स्टँडवर, रेवसच्या धक्क्यावर, कोठेही दहा माणसे जमली आणि मतांची गोष्ट निघाली की एकच सूर कानी पडतो. "सगळे एकाच माळेचे मणी. ह्यांना पुष्कळ पाहिले. आता एकदा बाहेरचा माणूस घालून बघू." बोलणारा खारेपाटातला भातशेतीवाला असो, मिठागरावरचा मजूर असो, कोळीवाड्यातला तांडेल असो, की सुतार-लोहाराचा शिकून घरी बसलेला पोरगा असो, सूर तोच. हे बोलणे रागाचे आहे, पण खोटे नाही; म्हणून त्याची टवाळी करणाऱ्या शहाण्यांत आम्ही नाही. परंतु चोराच्या रागाने घराचे दार सताड उघडे टाकून "या कोणीही" म्हणणारा गृहस्थ आणखी एकदा लुटला जातो. म्हणून, शेतकरी बंधूंनो आणि मायबहिणींनो, दोन शब्द कडू लागले तरी ऐकून घ्या.

प्रथम रागाचे कारण पाहू. २०१९ च्या विधानसभेला ह्या जिल्ह्यात शिवसेनेचे तिघे निवडून आले: अलिबागेस महेंद्र दळवी, महाडास भरत गोगावले, कर्जतेस महेंद्र थोरवे. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला आणि तिघेही एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. वर्षाने, जुलै २०२३ मध्ये, राष्ट्रवादी फुटली. तेव्हा खासदार सुनील तटकरे आणि त्यांची कन्या, श्रीवर्धनच्या आमदार आदिती तटकरे, अजित पवारांच्या बाजूस गेल्या-गेले. २०१९ च्या लोकसभेला ज्या दोन झेंड्यांसाठी गावोगाव भावाभावांनी एकमेकांच्या घरचे पाणी सोडले, ते दोन्ही झेंडे एकाच मंत्रिमंडळाच्या गाडीवर फडकू लागले. आणि एका गाडीत बसूनही समाधान नाही! जानेवारी २०२५ मध्ये आदिती तटकरे यांस रायगडचे पालकमंत्रिपद जाहीर झाले, आणि गोगावले यांच्या मंडळींनी आरडाओरड करताच दुसऱ्याच दिवशी त्यास स्थगिती मिळाली. धनुष्यबाण कोणाचा, घड्याळ कोणाचे, ह्याचा निवाडा दिल्लीत निवडणूक आयोगाने केला. मत देताना आमचे बोट पाहिजे होते; मत एका पेटीतून उचलून दुसऱ्या पेटीत टाकताना आमच्यापैकी कोणा एकास तरी विचारले काय? गहाण टाकलेला दागिनासुद्धा सावकार दुसऱ्यास विकण्याआधी नोटीस देतो.

त्यात कामाची रड निराळीच. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. त्यासाठी शेव्याचे कोळी उठविले आणि उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात नेऊन बसविले. तेथील घरांस वाळवी लागली. दारे, खांब, कपाटे पोखरून गेली. "आम्हास दुसऱ्या जागी वसवा" एवढेच त्यांचे मागणे. मुंबईत सरकारे आली आणि गेली, मागणे मात्र दप्तरातून दप्तरात फिरत राहिले. अशा गावात कोणी उमेदवार हात जोडून आला आणि बाईने उंबऱ्यावरूनच त्यास परत लावले, तर त्या बाईस आडमुठी कोण म्हणेल?

तर राग खरा, आणि विटही खरा. आता ज्याच्याकडे बोट दाखविले जाते, तो हा 'बाहेरचा' माणूस कोण, ते पाहू.

उरणची गोष्ट ताजी आहे. २०१९ साली ती जागा युतीत शिवसेनेच्या वाट्यास गेली. तेव्हा भाजपचे महेश बालदी अपक्ष उभे राहिले, आणि शिवसेनेचा चालू आमदार व शेकापचा जुना आमदार अशा दोघांसही मागे टाकून निवडून आले. अंतर सुमारे ५,७०० मतांचे. लोकांनी म्हटले, पक्षवाल्यांची जिरली. पाच वर्षांनी, २०२४ साली, तेच बालदी कमळाच्या चिन्हावर उभे राहिले आणि पुन्हा निवडून आले. त्यांनी काही लपविले असे आम्ही म्हणत नाही. ते भाजपचे आहेत हे उरणच्या शेंबड्या पोरासही ठाऊक होते. आमचे म्हणणे मतदारास आहे. ज्यास आपण 'अपक्ष' म्हणून डोक्यावर घेतो, तो पुष्कळदा तिकीट न मिळालेला पक्षवालाच असतो. मागल्या दाराने बाहेर पडून पुढल्या दाराने आत येणाऱ्या घरच्याच माणसास आपण पाहुणा समजून पाट मांडतो.

दुसरी तऱ्हा याहून गमतीची. २०१४ च्या लोकसभेस रायगडात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा पराभव केला. किती मतांनी? अवघ्या २,११० मतांनी. आणि त्याच यादीत सुनील तटकरे याच नावाचा आणखी एक अपक्ष होता, त्यास साडेनऊ हजारांहून अधिक मते पडली! त्या अपक्षास कोणी उभे केले की तो आपल्या मनाने उभा राहिला, याच्याशी आम्हास कर्तव्य नाही. कायद्याने त्यास तो हक्क आहे. पण ज्या साडेनऊ हजारांनी बटण दाबले त्यांपैकी किती जणांस ते कोणास मत देत आहेत हे माहीत होते? लाख-लाख रुपयांच्या गुराची खरेदी असती तर दावणीशी जाऊन दात मोजले असते. येथे नाव वाचले आणि मत दिले.

तिसरी तऱ्हा पैशाची, आणि ती आता ह्या किनाऱ्यावर सर्वांत जोरात आहे. मांडव्यास मुंबईहून मोटारीसकट माणसे उतरविणारी बोट २०२० साली सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी पूल खुला झाला. मुंबई पुढ्यात आली तशी गुंठ्याची बोली वाढली, आणि गावोगाव जमिनीच्या दलालीवर पिकलेली नवी श्रीमंती उभी राहिली. ह्यांतला एखादा गृहस्थ दहीहंडीला बक्षीस लावतो, देवळाचा कळस बसवितो, क्रिकेटच्या सामन्यास ढाल देतो, दवाखान्याची गाडी फिरवितो, आणि तिसऱ्या वर्षी फलकावर हात जोडून उभा राहतो: 'मी राजकारणी नाही, मी तुमचा सेवक.' बरे, सेवकाने पगार कोठून घ्यायचा ठरविले आहे? ज्याने आपल्याच गावकऱ्याची सात-बारावरची नावे पुसून पैसा केला, तो पक्षाबाहेरचा आहे म्हणून आपला कसा झाला? खोतसुद्धा कोणत्याही पक्षाचा नव्हता!

खोताचे नाव निघाले म्हणून चरीची आठवण सांगणे भाग आहे. कारण 'सर्व पुढाऱ्यांवरचा विश्वास उडाला, आता काय करावे' हा प्रश्न आपल्या पणज्यांपुढे आजच्यापेक्षा भयंकर रूपाने उभा होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर काढले होते.

तेव्हा हा कुलाबा जिल्हा. अलिबाग तालुक्यात जमीन खोताची, घाम कुळाचा. कुळाने बांध राखावा, चिखल तुडवावा, लावणी-कापणी करावी. खळ्यावर भात पडले की खोताचा माप घेणारा हजर. अर्ध्याच्यावर भात गेले, वर वेठ निराळी, आणि अंगठा उठविलेल्या कबुलायतीत काय लिहिले आहे ते कुळास कधी कळावयाचे नाही. त्या काळी मताचा हक्क साऱ्यावर, करावर आणि शिक्षणावर मोजून मिळे. म्हणजे जो राबतो त्या कुळास बहुधा मतच नव्हते. 'कोणास मत द्यावे' ही चैन त्यांच्या नशिबी नव्हती. अशा स्थितीत २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे शेतकऱ्यांची सभा भरली. नारायण नागू पाटील पुढे होते. ठरले काय? खोताची जमीन कसावयाची नाही. पंचवीस गावे त्या ठरावात होती, आणि तो ठराव १९३९ पर्यंत टिकला.

सहा वर्षे! वाचकहो, एक चातुर्मास पीक हातचे गेले तर आपल्या घरात काय होते ते आठवा, आणि मग सहा पावसाळे शेत पडीक ठेवणाऱ्या त्या माणसांचा विचार करा. शेतात तण माजले. बायामाणसांनी रानात जाऊन लाकडे तोडली, मोळ्या डोक्यावर घेऊन बाजारात विकल्या आणि त्यावर चुली पेटविल्या. कर्ज मिळेना, कारण कर्ज देणाराही बहुधा तोच. फितुरीची लालूच होतीच. एकट्या-दुकट्याने गुपचूप नांगर धरला असता तर खोताने त्याचे सोने केले असते. तरी संप फुटला नाही. का फुटला नाही? पुढारी मोठा होता म्हणून, असे आपण आता भाषणांत सांगतो. पुढारी मोठे होतेच. पण रोज संध्याकाळी नांगर धरावयाचा की नाही हा प्रश्न पुढाऱ्याच्या घरी सुटत नव्हता, तो पंचवीस गावांतल्या प्रत्येक चुलीपाशी सुटत होता. पुढारी तुरुंगात गेला, आजारी पडला, उद्या समजा फिरलाही, तरी नांगर खुंटीवरच राहिला असता.

आणि आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही ही जुनी वही उघडली तो ऐका. डिसेंबर १९३४ मध्ये चरीस शेतकरी परिषद भरली, तिचे अध्यक्ष म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. चरीचा कुणबी-आगरी आणि महाराच्या घरी जन्मलेला बॅरिस्टर! ज्या काळी पाणवठा वेगळा, वाट वेगळी, सावलीचाही विटाळ, त्या काळी हा माणूस त्या गावांस किती 'बाहेरचा' होता, याची आज कल्पनाही येणार नाही. तरी त्यांनी त्यास आपल्या परिषदेचा अध्यक्ष केले. पण लक्षात घ्या, तो आला तेव्हा संपास वर्ष उलटून गेले होते. लोक आधी उभे राहिले, मग बाहेरचा आला. तो त्यांच्या मागण्या घेऊन गेला, आपल्या मागण्या त्यांच्या डोक्यावर ठेवून गेला नाही.

पुढे काय झाले तेही ध्यानात घ्या. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. काँग्रेस तेव्हा भरात होती. हा पक्ष म्हणजे खरोखरीच बाहेरच्यांचा. १९३७ च्या निवडणुकीत त्याचे लोक मुंबईच्या कायदेमंडळात गेले. आपल्या कुलाब्यातून महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस गेले. टिपणीस जन्माने प्रभू, पण १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या लढ्यात जिवाभावाने उभे राहिलेले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. बिल त्या वेळी पास झाले नाही. पण १९३९ साली कुळांस संरक्षण देणारा कायदा आला, १९४९ साली खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक ठरला. एवढा पल्ला मूठभर बाहेरच्या माणसांनी कायदेमंडळात भाषणे करून गाठला असता काय? त्यांच्या भाषणामागे पडीक शेत होते.

इथवर ऐकून आमचे शेकापचे जुने मित्र मिशीवर हात फिरवितील. थांबा, आता तुमच्याकडेच येतो.

ब्राह्मणेतर चळवळीतून वाढलेले केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृती मंडळी काँग्रेसमध्ये गेली, तेथे शेतकऱ्याची डाळ शिजत नाही असे पाहून त्यांनी १९४७ साली शेतकरी कामकरी संघ काढला आणि पुढील वर्षी काँग्रेसबाहेर पडून शेतकरी कामकरी पक्ष उभा केला. म्हणजे हाही पक्ष जन्मतः बाहेरच्यांचाच. पुण्याकडच्या पुढाऱ्यांस बाहेरची थंडी फार दिवस सोसवली नाही. खुद्द जेधे १९५४ साली काँग्रेसमध्ये परतले. पण आपल्या जिल्ह्यात त्याने मूळ धरले, कारण चरीची माती होती. लाल बावटा म्हणजे आपला, एवढे आमच्या आज्या डोळे मिटून सांगत. ह्याच पक्षाचे दि. बा. पाटील. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच माणसे पडली, आणि त्या रक्तावर पुढे नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांस साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना मिळाली. हे पुण्य कोणी नाकारू नये.

पण पुण्याईचे व्याज किती दिवस खावे? जिल्हा परिषद, सोसायट्या, बँका, शाळा हाती आल्या. सत्तेचा उंबरठा चढला की पायताण बाहेर राहते, तसा शेतकरी बाहेर राहिला. तिकिटे घराण्यात फिरू लागली. एक पिढी, दुसरी, तिसरी, आता सुनेची पाळी. तटकऱ्यांच्या घरात वडील खासदार आणि मुलगी आमदार म्हणून जे बोट दाखवितात, त्यांनी आपल्या अंगणात पाहावे. २०१४ साली ह्या पक्षाचे तीन आमदार होते, त्यांपैकी दोन आपल्या जिल्ह्याचे, अलिबाग आणि पेण. २०१९ साली रायगडातून एकही नाही. २०२४ साली पुन्हा एकही नाही. पक्षाची एकमेव जागा आली ती तिकडे सांगोल्याहून. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेची निवडणूक जयंत पाटील हरले. पेणचे धैर्यशील पाटील तर २०२३ मध्ये भाजपमध्ये गेले आणि पुढल्या वर्षी राज्यसभेत पोहोचले. पक्षाची माणसे म्हणतात, 'आम्हास पैशाने हरविले.' पैसा होताच. पण १९३३ साली खोताकडे पैसा नव्हता काय?

ह्याचे उत्तर आमच्या मते बाहेरकाठ्यावर सापडते. खारेपाटातल्या माणसास समजावून सांगावयास नको, पण वरकस भागातल्या वाचकांसाठी सांगतो. आमची शेते भरतीच्या पाण्याच्या खाली. समुद्र आणि भात यांच्यामध्ये मातीचा एक बांध, तोच बाहेरकाठा. पूर्वी त्याची डागडुजी गावच करी. घरटी माणूस ठरलेला, ठरलेल्या दिवशी टोपली-फावडे घेऊन सर्वांनी जावयाचे. ह्यास आमच्याकडे 'जोळ' म्हणत. उधाणास बांधास खांड पडली तर मध्यरात्रीही हाक उठे, आणि जो येत नसे त्याचे पाणी गावात तुटे. पुढे १९४८ साली खारजमिनीचा कायदा झाला, १९७९ साली दुसरा झाला, बांध सरकारच्या हाती गेले. लोकांस बरे वाटले, आपले कष्ट सुटले. मग हळूहळू काय झाले? बांध फुटला की अर्ज लिहावयाचा. अर्जाचा नंबर लागेपर्यंत दुसरे उधाण. खांड रुंदावली, खारे पाणी शेतात शिरले, आणि ज्या शेतात राता भात पिकत असे तेथे कांदळवन उभे राहिले. मग तीच जमीन 'नापीक' म्हणून कारखानदार स्वस्तात मागावयास येतो!

शेकापचे असेच झाले. लोकांची जोळ मोडली आणि बांध पुढाऱ्यांच्या ताब्यात गेला. पण दोष एकट्या पुढाऱ्यांचा नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. घरटी माणूस जाण्याचे आपणच बंद केले. पाच वर्षांतून एकदा बोटास शाई लावून घेतली की आपले बांधावरचे काम झाले, अशी आपण समजूत करून घेतली. आणि आता खांड पडलेली पाहून आपण म्हणतो, ठेकेदार बदला!

कोणी म्हणेल, जुन्या गोष्टी सांगू नका, हल्ली असे काही होत नाही. ठीक, मग २००८ ची गोष्ट घ्या. पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांत रिलायन्सचे महामुंबई सेझ येणार होते. केंद्रात आणि राज्यात त्यास अनुकूल सरकार, कंपनी देशातील सर्वांत बलाढ्यांपैकी एक. तरी गावे उठली. लाल बावट्याचा, भगव्याचा, बिनझेंड्याचा, सारा माणूस एका सभेत आला. प्रा. एन. डी. पाटील होते, सर्वहारा जनआंदोलनाच्या उल्का महाजन होत्या. एन. डी. पाटील तर सांगलीकडचे, म्हणजे इथल्या मातीस बाहेरचेच. शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. त्या दिवशी कोणी माणूस निवडावयाचा नव्हता. जमीन द्यावयाची की नाही एवढाच प्रश्न होता. शेतकऱ्यांचा कौल प्रचंड बहुमताने 'नाही' असा पडला. सरकार त्या कौलास कायद्याने बांधलेले नव्हते, पण त्यानंतर त्या सेझचे पाऊल पुढे पडले नाही आणि भूसंपादन बारगळले. त्या भागातल्या माणसास विचारा, उभ्या आयुष्यात दिलेल्या मतांपैकी कोणते मत फुकट गेले नाही असे वाटते? तो हेच मत सांगेल.

बाहेरच्या माणसाची ही हौस केवळ आपल्यास आहे असेही नाही. दिल्लीत २०१२ साली निघालेल्या आम आदमी पक्षाने वर्षभरात २८ जागा मिळविल्या आणि २०१५ साली ७० पैकी ६७. चांगल्या शाळा, मोफत वीज अशी कामेही केली. पण मोठमोठे साथी एकामागून एक बाहेर पडले, पक्ष एका माणसाभोवती गोळा झाला, आणि २०२५ साली तो २२ वर आला. इटलीत बेप्पे ग्रिलो नावाच्या विनोदी नटाने 'सगळे पक्ष सारखे' म्हणत चळवळ काढली. २०१८ साली तिला जवळजवळ तिसरा हिस्सा मते पडली, आणि चार वर्षांत निम्मी उरली. हे दोन्ही पक्ष लबाड होते असे नाही. लोकांनी त्यांस दार उघडून दिले आणि स्वतः निजावयास गेले.

आता कोणी फारच चिडला तर म्हणतो, 'मी नोटाचे बटण दाबतो.' दाबा, हक्क आहे. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली तो दिला. पण विधानसभेस किंवा लोकसभेस नोटास सर्वांत जास्त मते पडली तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो, हे ठाऊक आहे ना? म्हणजे आपण रागाने थुंकलो आणि वारा उलटा होता. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली स्थानिक निवडणुकांपुरते निराळे फर्मान काढले: तेथे नोटा सर्वांवर गेला तर पुन्हा निवडणूक. तेव्हा राग काढावयाचा तर निदान कोठे काढल्याने काही हालते ते तरी पाहून काढा. आणि मतदानावर गावाचा बहिष्कार? ज्यास तुमची मते पडणार नव्हतीच तो त्या दिवशी तुमच्या नावाने पेढे वाटतो.

'मग आम्ही करावे तरी काय? जुन्यास द्यावे की नव्यास?' असा प्रश्न येणारच. आम्ही नाव सांगणार नाही. नाव सांगणाऱ्या वर्तमानपत्रांनी शेतकऱ्याचे काय भले केले ते दिसतेच आहे. जुन्यातही एखादा लाज बाळगणारा असेल, नव्यातही एखादा खरा असेल. एवढेच सांगतो की जो स्वतःस बाहेरचा म्हणवितो त्यास आधी विचारा, 'तू कोठून बाहेर पडलास, आणि का?' तिकीट नाकारले म्हणून, की सेझच्या वेळी, बंदराच्या वेळी, कोळीवाड्याच्या वेळी तू आमच्या बाजूने बोललास म्हणून? निवडून आल्यावर कोणत्या गावकीपुढे वर्षातून एकदा तरी उभा राहून जाब देणार, ते आजच सांग. आणि कोणत्या पक्षास पाठिंबा द्यावयाचा हे ठरविण्यापूर्वी तू आम्हास विचारणार की मुंबईच्या हॉटेलातून फोन करणार?

आणि ह्यापेक्षाही सोपी गोष्ट. प्रत्येक उमेदवारास अर्जाबरोबर शपथपत्र द्यावे लागते. त्यात त्याची जमीन, पैसा, कर्ज, धंदा आणि त्याच्यावरचे खटले, सारे लिहिलेले असते. ते सर्वांस पाहावयास खुले असते. मोबाईलवरही उतरवून घेता येते. पुढल्या निवडणुकीस अर्ज भरून झाले की त्याच आठवड्यात गावदेवीच्या देवळापुढे किंवा कोळीवाड्याच्या चावडीवर सर्वांनी जमावे. भजनाची पेटी एक दिवस बाजूस ठेवावी आणि सर्व उमेदवारांची शपथपत्रे, जुन्याचे आणि नव्याचे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून घ्यावीत. पाच वर्षांपूर्वीचे शपथपत्र मिळाले तर तेही शेजारी ठेवावे. वाचून दाखवावयास मास्तरांची वाट पाहण्याचे कारण नाही. शिकलेल्या मुली आता प्रत्येक वाडीत आहेत.